अर्ध्याची खूण

संध्याकाळी ऑफिसातून ती घरी आली तेव्हा ताईच्या पांढऱ्या चपला दाराशी होत्या. या आठवड्यात ताईची दुपारची पाळी होती, त्या चपला इतक्या लवकर घरी असायचं काही कारण नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, आपणच दिवस चुकलो. मग कुलूप न लावलेलं दार ढकलून ती आत गेली. स्वयंपाकघरात ताई स्टुलावर बसली होती, अंगावर गणवेश तसाच, छातीवरचं पेन तसंच. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, खाली गॅस बंद, दुधावर साय धरलेली. दिवा लावला नव्हता. "बरं नाही का?" तिने विचारलं. "मला काय धाड भरलीय," ताई म्हणाली. नेहमीचंच उत्तर, नेहमीच्याच आवाजात. पण उठली नाही. "घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणाले." आणि मग, पातेल्याकडे बघत, "किल्लीवाले आजोबा गेले."

किल्लीवाले आजोबा तिला माहीत होते. म्हणजे पाहिलेले नव्हते, ताईच्या बोलण्यातून माहीत होते. दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर कोपऱ्यात बसून डुप्लिकेट किल्ल्या करायचे. हृदय अशक्त, वर्षाकाठी एकदा तरी ताईच्या वॉर्डात भरती व्हायचे. हृदयाची एक बारीक गोळी त्यांना रोज अर्धी लागायची. ताई गोळी मोडायला लागली की ते हात पुढे करायचे, "आण इकडे, तुला जमत नाही," म्हणायचे, आणि अंगठ्याच्या नखाने अशी बरोब्बर मधोमध मोडायचे की चुरासुद्धा पडायचा नाही. आयुष्यभर कानशीने पितळ घासलेली बोटं. एक भाग तोंडात टाकायचे, दुसरा ताईच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "ही उद्याची. हरवू नकोस, तुला पावती देत नाही." ताई हे घरी येऊन त्यांच्या आवाजात करून दाखवायची. आता ती सरळ आवाजात सांगत होती. या वेळी आजोबा आले ते गुंगीतच होते, हात पुढे करायच्या स्थितीत नव्हते. आणि औषधांच्या छापील कागदावर त्या गोळीपुढे अर्धी नव्हती. नुसतं नाव, पुढे थोडी मोकळी जागा, आणि 'गोळी, रोज एकदा'. ताईला वाटलं, या वेळी डॉक्टरने वाढवली असेल, म्हणून अख्खी दिली. रोज अख्खी. त्यांची किडनी तशीही नावालाच होती, औषध अंगात साठत गेलं. आज सकाळी हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले आणि मग थांबले. "डॉक्टर म्हणतो, मी अर्धी टाइप केली होती. शपथ घेतो. आणि कागदावर नाही. मग मधल्यामध्ये खाल्ली कुणी? मी?" ताईने पहिल्यांदाच मान वर केली. "ते एक छोटंसं चिन्ह असतं ना, वर एक, खाली दोन, मधे तिरकी रेघ. ते दाबतात ते. ते नव्हतं गं छोटे. कागदावर जे होतं तेच दिलं मी."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. हाताला ते गार लागलं आणि मग लक्षात आलं की गार आपला हातच आहे. कारण दवाखान्यात ते कागद ज्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, टाइप होत, तो तिच्या ऑफिसात बनलेला होता. ताईनेच मेट्रनच्या कानावर घातलं होतं, आमची छोटी करते ते, साधं आहे, आमच्यासारख्यांनाही येतं. तिला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं. आईबाप लवकर गेले. ताईने दुहेरी पाळ्या करून तिला शिकवलं, स्वतःचं लग्न 'बघू पुढे' करत राहून गेलं, आणि ही काय शिकली ते ताईला कधीच नीट कळलं नव्हतं. संगणकात शिरलेलं प्रत्येक अक्षर ज्या प्रकारच्या डब्यात ठेवतात त्याचं नाव कॅर, पण ऑफिसात सगळे जुन्या सवयीने त्याला 'चार' म्हणत. फोनवरचं तिचं बोलणं ऐकून ताई हसायची, "दिवसभर नुसतं चार, चार. पाच कधी येणार तुमचे?" ताईच्या वॉर्डात आपण केलेलं काहीतरी चालतंय, ताई ते रोज हातात धरतेय, एवढ्याने तिला परतफेडीसारखं वाटलं होतं. ते आत्ता आठवलं. ताईला ती काही बोलली नाही. आधी बघायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण आतून तिला तेव्हाच कळलं होतं, एखाद्या घरात शिरताच गॅसचा वास यावा तसं.

ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं. पॉलिशचा वास जिन्यातून वर चढत असे आणि दिवसाअखेर डोकं जड होई. दुसऱ्या दिवशी ती कुणी यायच्या आत जाऊन बसली. एडिटर उघडला, अर्ध्याची खूण टाइप केली, फाइल साठवली, बंद केली, पुन्हा उघडली. खूण होती. पुन्हा केलं, होती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लगेच लाजही वाटली, कारण खूण जागेवर आहे याचा अर्थ ताई खोटं बोलतेय किंवा चुकतेय, आणि तिला त्याचाच आनंद झाला होता. मग तिला दवाखान्याचे अरुंद कागद आठवले. पट्टीसारखे, कडेला रेघभरही जागा न सोडता छापलेले. गेल्या महिन्यात त्यांच्याच मागणीवरून तिने एडिटरमध्ये समास बदलायची सोय घातली होती. तिने चारी बाजूंचे समास शून्य केले. खूण टाइप केली, साठवलं, उघडलं. खुणेच्या जागी काही नव्हतं. बाकीची अक्षरं आपापल्या जागी शहाण्यासारखी बसली होती, कुणी उठून गेल्याचा मागमूस नव्हता. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. पडद्यावरची जागा इतकी पांढरी असते हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

कारण सापडायला दुपारसुद्धा लागली नाही. थोरल्या साहेबांनी, ज्यांनी कंपनी काढली आणि एकहाती हा एडिटर लिहिला, त्यांनी त्यात एक झाडूवाला ठेवला होता. फाइल साठवताना तो प्रत्येक अक्षर तपासे आणि जुन्या प्रिंटरांना चक्रावून सोडणारी अदृश्य कचराचिन्हं झाडून टाके. अक्षर म्हणजे यंत्राच्या लेखी नुसता एक आकडा. झाडूवाला तो आकडा घेऊन एका तक्त्यात बघायचा, या आकड्याचं अक्षर ठेवायचं की टाकायचं. इंग्रजीची साधी अक्षरं खालच्या आकड्यांत बसतात, त्यांचं काही बिघडत नसे. अर्ध्याची खूण वरच्या आकड्यांतली. आणि डबा होता साधा, म्हणजे अर्धे आकडे उणे मानणारा. त्यात मोठा आकडा घातला की यंत्र त्याला उणे समजतं. मग झाडूवाला तक्त्यात पुढे जायच्याऐवजी मागे जाई, पहिल्या रकान्याच्याही मागे, जिथे तक्ता नाहीच, दुसऱ्याच कुणाचं तरी सामान पडलेलं आहे. आणि तिथे जे हाताला लागेल ते उत्तर समजून परत येई. शून्य असेल तर टाक, नसेल तर ठेव. इतकी वर्षं तिथे काहीतरी बरं पडलेलं होतं म्हणून खूण जगली. गेल्या महिन्यापासून तिथे तिने ठेवलेले समासाचे आकडे होते. दवाखान्याने समास शून्य केले. झाडूवाल्याने शून्य वाचलं. इतकंच. कुणीही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी एक माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. आळशी, दारुडा, कामचुकार कुणीतरी. थोरले साहेब तर वारले होते, आणि हयातीत ते इतके काटेकोर की डब्यातल्या पोळीचेही चार समान तुकडे करून खात. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दर वेळी कुरकुरायचा की हा अक्षरांचा डबा चुकीच्या प्रकारचा आहे, पण त्या कुरकुरी इतक्या होत्या की साहेबांनी कधीच त्याचं तोंड बंद करून टाकलं होतं, आणि ती नोकरीला लागली तेव्हा तिला ती शांतताच मिळाली.

मॅनेजर थोरल्या साहेबांचा पुतण्या. वाईट माणूस नव्हता. तिच्या नोकरीच्या वेळी ताई तिला घेऊन मुलाखतीला आली होती आणि बाहेर बाकावर बसून राहिली होती, तेव्हा याने ताईला आत बोलावून खुर्ची दिली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, स्वतः समास शून्य करून बघितलं, दोनदा. मग पेनचं टोपण काढत-घालत म्हणाला, "दुरुस्त कर. सगळीकडचं. आजपासून दुसरं काही घेऊ नकोस." ती म्हणाली, "आणि दवाखान्याला?" "नवीन आवृत्ती देऊ ना. अक्षरांच्या प्रकारातल्या किरकोळ सुधारणा, असं लिहू." "सर, माणूस गेलाय." "माणूस हृदयाने गेलाय. वय बघ, किडनी बघ. त्यांचा डॉक्टर आहे, नर्स आहे, ते बघतील." "नर्स माझी बहीण आहे." त्याच्या हातातलं टोपण थांबलं. "म्हणून तर सांगतोय," तो हळू आवाजात म्हणाला, "तू यात बोललीस तर लोक म्हणतील बहिणीला वाचवतेय. आणि समासाची सोय कुणी घातली, तेही विचारतील. तुझं तुला कळतंय ना?" त्याच्या आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती, आणि त्यामुळेच तिला तिथून उठता येईना.

ती जागेवर येऊन बसली आणि दुरुस्तीला लागली. दुरुस्ती म्हणजे एकच शब्द, अनसाइन्ड. तो डब्याच्या नावापुढे लावला की डबा उणं ओळखेनासा होतो, आत टाकलेलं जेवढ्यास तेवढं राहतं. पण डबे जागोजागी होते. अक्षर मोठं की लहान बघणारे, दोन शब्दांमधली जागा ओळखणारे, शोधणारे, बदलणारे. एक दुरुस्त करावा तर त्याचा शेजारी कुरकुरायला लागे, कारण एकाकडून दुसऱ्याकडे अक्षर जाताना वाटेत पुन्हा उणं व्हायची भीती. तिने कंपायलरचं बंद तोंड उघडलं तेव्हा पडदा भरून तक्रारी आल्या, आणि ती एकेक वाचत, एकेक मिटवत गेली. काम करताना तिला चक्क बरं वाटत होतं. हे तिला नंतर फार लागलं, की त्या दिवसांत, आजोबांना स्मशानात पोहोचवलेलं असताना, ताई घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना, आपल्याला ऑफिसात जाऊन बसणं बरं वाटत होतं. तिथे निदान चूक कुठे संपते ते दिसत होतं. घरी ताई जेवत नसे. पान वाढलं की भात इकडचा तिकडे करी आणि म्हणे, "तू खा गं, तुझं डोकं चालायला हवं." कधी नुसती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसे, उपडा, उताणा, उपडा.

चौकशीच्या दिवशी ती मॅनेजरला न विचारता दवाखान्यात गेली. मेट्रनच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी. मेट्रन होती, दवाखान्याचा कारभार बघणारा एक टक्कल पडलेला गृहस्थ होता, आणि तो डॉक्टर, जो तिने मनात उर्मट रंगवला होता आणि जो प्रत्यक्षात नीट दाढीही न केलेला, झोप उडालेला पोरगेला माणूस निघाला. ताई कडेच्या खुर्चीवर. तिला आत येताना बघून ताईच्या कपाळाला आठी पडली, लहानपणी शाळेतून न सांगता घरी आल्यावर पडायची तशी. तिने लॅपटॉप मेट्रनपुढे ठेवला, त्यात दवाखान्यातली जुनीच आवृत्ती होती, समास शून्य केलेले. आपण कोण, ताईची कोण, समासाची सोय कुणी घातली, सगळं आधी सांगून टाकलं. मग म्हणाली, "तुम्ही स्वतःच टाइप करा, मॅडम." मेट्रनने एका बोटाने टाइप केलं. गोळीचं नाव, अर्ध्याची खूण, गोळी, रोज एकदा. साठवलं. उघडलं. सगळ्यांनी पुढे वाकून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. डॉक्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याच्या खांद्यांवरून कळलं की तो रडतोय. टकलू गृहस्थ खुर्चीत मागे टेकला. मेट्रनने ताईच्या पाठीवर हात ठेवला, "बघ, मी म्हणत नव्हते?" खोलीत एकदम वारं शिरल्यासारखं झालं. प्रत्येकाचं काहीतरी सुटलं होतं. कुणीतरी चहा सांगितला. आपण हे सगळ्यांना वाटून टाकलं, तिला वाटलं, प्रत्येकाला पुरेल एवढं. फक्त ताई तशीच बसली होती, पाठीवरच्या हाताखाली आणखी आक्रसलेली.

मॅनेजरला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. त्याने आरडाओरडा केला नाही. "दुरुस्ती पूर्ण करून जा," एवढंच म्हणाला, "तुझ्यानंतर ते कुणाला जमायचं नाही." ती पूर्ण करून गेली. शेवटी कंपायलर गप्प झाला, या वेळी खराखुरा गप्प. मॅनेजरने हात पुढे केला, तिने तो हातात घेतला. जिना उतरताना पॉलिशचा वास आला आणि आता हा पुन्हा येणार नाही या विचाराने, कशाला कोण जाणे, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताईला सोमवारपासून कामावर बोलावलं होतं. रविवारी दुपारी दोघी गच्चीवर कपडे काढायला गेल्या. ताई चादरीची घडी घालता घालता थांबली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "तू फार चांगलं केलंस. पण मला विचारायला हवं होतंस." तिला वाटलं ताई नोकरीबद्दल म्हणतेय. "नोकरी मिळेल गं दुसरी." "नोकरीचं नाही." ताईने चादर छातीशी धरली. "आजोबा मला म्हणाले होते. मधे मधे शुद्धीवर यायचे, तसे जायच्या आदल्या दिवशी आले होते. म्हणाले, पोरी, सगळं पिवळं पिवळं दिसतंय. चादर पिवळी, तुझा ड्रेस पिवळा." तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. "ती गोळी जास्त झाली ना, की माणसाला पिवळं दिसतं. असं दिसतं म्हणाला पेशंट, की गोळी थांबवायची आणि डॉक्टरला हाक मारायची. नवीन पोरींना मीच शिकवते हे. दर वर्षी. पाठ करून घेते." "मग?" "मग काय? पडद्यातून उन्हं येत होती. म्हटलं, उन्हामुळे दिसत असेल. पडदा ओढून घेतला आणि पुढच्या खाटेकडे गेले." खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हा पुन्हा गुरगुरून बंद पडत होती. "कागदाने फसवलं हे खरं," ताई म्हणाली, "पण आजोबांनी फसवलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं. तू तिथे ते दाखवलंस, सगळे चहा प्यायले, आणि मला बोलायला जागाच उरली नाही. दोष माझा आहे असं चाललेलं तोवर निदान मी त्यांच्या लेकीच्या डोळ्याला डोळा भिडवू शकले असते. आता मी त्या खोलीतली सगळ्यात निर्दोष बाई आहे." ती म्हणाली, "ताई, कुणाला सांगायची गरज नाही. संपलंय ते." ताईने चादर तिच्या हातात दिली. "तुझं संपलंय. तू दुरुस्त केलंस. मी त्यांच्या लेकीकडे जाते. आत्ताच जाते. नाहीतर उद्या ड्रेस घालवणार नाही मला."

ती सोबत गेली. एकटीला जाऊ देववेना. वाटेत तिने ताईला परतवायचा प्रयत्न केला, मग तोही सोडला. ताई झपझप चालत होती, बऱ्याच दिवसांनी पाय तिचे स्वतःचे असल्यासारखे. आजोबांची लेक एका अरुंद खोलीत शिवणकाम करायची. दारातच मशीन, जमिनीवर कापडांच्या चिंध्या. तिने ताईला ओळखलं, उठून उभी राहिली, खुर्चीवरचे कपडे उचलून दोघींना बसायला जागा केली. "या ना सिस्टर. बाबा तुमचं नाव फार काढायचे. मेट्रनबाईंनी सांगितलं मला, मशीनमुळे झालं म्हणून. तुम्हाला उगाच त्रास झाला." ताई बसली नाही. उभ्याउभ्याच, पदराचं टोक मुठीत धरून, तिने सांगितलं. आजोबा काय म्हणाले, त्याचा अर्थ काय असतो, तो अर्थ आपल्याला माहीत होता, आणि तरी आपण पडदा ओढून पुढे गेलो. काही राखून ठेवलं नाही. "तेव्हा गोळी थांबवली असती तर कदाचित वाचले असते. मशीनचं होतंच, पण हे माझं आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

रागाची, रडण्याची, कशाचीच चाहूल लेकीच्या चेहऱ्यावर नव्हती. ती काहीतरी आठवत होती. मशीनच्या चाकावर ठेवलेला हात तिने हळूच काढून घेतला. "पिवळं दिसतंय, असं म्हणाले?" "हो." "म्हणजे ते औषधामुळे होतं?" ताई "हो" म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या तोंडावरचा रंग उडाला, पुढचं येण्याआधीच तिला ते दिसलं होतं. लेक आता ताईकडे बघतच नव्हती. "मला आदल्याच्या आदल्या दिवशी म्हणाले होते," ती म्हणाली. "मी डबा घेऊन गेले होते तेव्हा. भिंत पिवळी कुणी केली, विचारत होते. मी म्हटलं, चष्मा बघा किती मळलाय. तोंडची वाफ मारून पुसून दिला आणि घातला त्यांना. म्हटलं, आता दिसतंय का नीट? तर हो म्हणाले." तिने एकदा ताईकडे आणि एकदा धाकट्या बहिणीकडे पाहिलं, दोघींपैकी कुणीतरी आता काही सांगेल, हे असं नसतं म्हणेल, अशा अपेक्षेने. "मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणाले असतील का हो?"

लेक खाली बसली, चिंध्यांवरच, आणि एकेक चिंधी उचलून मांडीवर सरळ करू लागली. धाकटी ताईचा दंड धरून उभी राहिली. ताईने आपला हात तिच्या हातावर दाबून धरला. आपण इथे आलो नसतो तर या बाईला हे आयुष्यभर कळलं नसतं, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि तेच ताईच्याही मनात येतंय हे तिला त्या दाबातून कळत होतं. कुणीच जायला निघालं नाही. लेकीने मान वर न करता विचारलं, "चहा ठेवू का?" आणि उठली मात्र नाही.